बाटलीतला सोडियम आणि शरीरातला सोडियम

'सोडियम रॉकेलमध्ये का ठेवतात? शास्त्रीय कारण द्या.' शाळेत विज्ञान शिकलेल्या कोणालाही हा प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा बरोबर येते. पण जुलाब होणाऱ्या मुलाला नुसत्या पाण्याऐवजी जलसंजीवनी का द्यायची, असे विचारले तर उत्तरात सोडियमचे नाव क्वचितच येते. सोडियमच्या आपल्या अध्यापनातील ही मोठी उणीव आहे, असे आम्हांला वाटते.

पाण्यावर सरसर धावणारा सोडियमचा तुकडा पाहणे हा उत्तम अनुभव आहे, यात शंका नाही. हंफ्री डेव्हीने १८०७ साली वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून हा धातू वेगळा केला, ही कथाही सांगण्याजोगी आहे. परंतु हा धातू विद्यार्थ्याला प्रयोगशाळेबाहेर कधीच भेटत नाही. त्याला जन्मभर भेटतो तो सोडियमचा आयन. आयनिक बंध शिकवताना आपण '२, ८, १' वरून '२, ८' असे फळ्यावर लिहितो आणि थांबतो. एक इलेक्ट्रॉन दिल्याने मूलद्रव्याचा स्वभावच पालटतो. पाण्यात पेटणारा सोडियम पाण्यात निमूट विरघळतो. धडा खरा येथून सुरू व्हायला हवा.

पेशीच्या आवरणातील पंप सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो, तेव्हा पोटॅशियमचे २ आत घेतो. या फरकावरच मज्जातंतूंचे संदेश चालतात. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ, साखर व पाणी यांच्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले.

हाच आयन जास्त झाला की रक्तदाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. 'मीठ' आणि 'सोडियम' यांत गल्लत होते ती येथेच. रक्तदाबाचा रुग्ण साधे मीठ सोडून सैंधव घेतो आणि पथ्य पाळल्याचे समाधान मानतो. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. पापडखार आणि खाण्याचा सोडा खारट लागत नाहीत, पण सोडियम त्यांतही असतो. उलट 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रॉकेलच्या बाटलीचे उत्तर पाठ असून यांतले काहीच उलगडत नाही.

सातारा-सांगलीच्या शिक्षकांना तर उदाहरण शोधायला दूर जायला नको. कृष्णाकाठी वाळवा, मिरज या तालुक्यांत उसाला बेसुमार पाणी दिल्याने अनेक शेते क्षारपड झाली आहेत. त्यांपैकी चोपण जमिनीत चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटतो, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. शेतकरी जिप्सम घालतो, कारण त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. सुटलेला सोडियम निचऱ्यावाटे वाहून जातो. विद्यार्थ्याचे वडील हे रसायनशास्त्र शेतात करत असतात. मुलाच्या वहीत मात्र त्याचा उल्लेख नसतो.

यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. मुलांना फरसाण-बिस्किटांची रिकामी पाकिटे आणायला सांगावीत. त्यांवर १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम, हे छापलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. अडीच कोठून आले, हे २३ आणि ३५.५ या अणुवस्तुमानांवरून मुलांनाच काढू द्यावे. मग 'शास्त्रीय कारण द्या' या प्रश्नापुढे 'सोडियम रॉकेलमध्ये'च्या जोडीला 'सैंधव खाऊन पथ्य होत नाही' हेही लिहिता येईल. त्याचे उत्तर घरी जाऊन आजीलाही सांगता येते.