ॲस्पिरिन आणि मिथुन रास

मिथुन आणि तूळ राशीच्या माणसांना हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिनचा उपयोग होत नाही! हे वाक्य भविष्याच्या सदरातले वाटेल. पण ऑगस्ट १९८८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापलेल्या ‘आयसिस-२’ या शोधनिबंधातील एका तक्त्याचा सरळ अर्थ हाच होतो. निबंध उत्तम आहे, तक्ता गाजलेला आहे, तरी त्याविषयी आमची एक तक्रार आहे.

आधी निबंधाविषयी. झटका आल्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण, ४१७ रुग्णालये. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने पहिल्या गटात ८०४ मृत्यू झाले, दुसऱ्यात १०१६. म्हणजे शेकडा ९.४ आणि ११.८. इतक्या स्वस्त गोळीने!

कारण समजायला सोपे आहे. हृदयाच्या धमनीतील चरबीचा थर फाटतो, तेथे रक्तपट्टिका (प्लेटलेट्स) चिकटतात आणि गुठळी होते. ॲस्पिरिन पट्टिकेतील एक विकर कायमचे निकामी करते. पट्टिकेला केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे विकर घडवता येत नाही. उरलेले आठ-दहा दिवसांचे आयुष्य ती तशीच काढते. म्हणून थोडे औषध पुरते. (रक्तस्राव हा याच गुणाचा दुसरा चेहरा, म्हणून मनाने रोज गोळी घेणे बरे नव्हे.)

आता तो तक्ता. साप्ताहिकाने वेगवेगळ्या उपगटांचे आकडे मागितले. असे तुकडे पाडले की योगायोगच बोलू लागतो, हे दाखवण्यासाठी संशोधकांनी राशींचाही उपगट छापला. मिथुन आणि तूळ मिळून ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १५० मृत्यू, न घेणाऱ्यांत १४७. बाकी राशींत ६५४ आणि ८६९.

विनोद झकास आहे, पण अर्धाच सांगितला आहे. बाराही राशींच्या ओळी छापायला हव्या होत्या. प्रत्येक राशीत साधारण १४०० रुग्ण. फायदा सर्वांना सारखा धरला तर मृत्यू अंदाजे ६७ आणि ८४ यावेत. एवढ्या लहान आकड्यांत एखाद-दुसरी रास उलटी पडणारच. बारा ओळींत ही चढउतार डोळ्यांना दिसली असती. दोनच राशी वेचून एकत्र केल्या, हे आकडे पाहिल्यावर केलेले आहे, आणि खरी चलाखी तिथेच असते. ती उघड करून दाखवायची संधी निबंधाने सोडली.

शिवाय ऑक्सफर्डच्या लेखकांनी गृहीत धरले की रास म्हटल्यावर वाचक हसेल. आपल्याकडे ती खात्री कोण देईल? (त्यांची रास जन्मतारखेवरून, म्हणजे सूर्याची, आपल्या पत्रिकेतली चंद्राची. तूळवाल्यांनी घाबरू नये.) उलट ‘स्त्रियांना उपयोग नाही’, ‘म्हाताऱ्यांना नाही’ असा उपगट आला की हसू येत नाही, आणि त्या रुग्णाची गोळी खरोखरच थांबू शकते.

वर्गात करून पाहा. प्रत्येकाने नाणे वीस वेळा उडवावे, छापे मोजावेत आणि जन्ममहिन्याप्रमाणे सरासरी काढावी. एखादा महिना ‘छाप्याचा’ निघेलच. मग मुलांना त्याचे कारण विचारा. ती मोठ्या उत्साहाने सांगतील.