उबुंटू आणि त्रिपक्षीय सहकार्य : हुडिया प्रकरणाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
विद्यापीठ, उद्योग आणि शासन यांच्या परस्परसहकार्यातून नवनिर्मितीला चालना मिळते, ही मांडणी एट्झकोविट्झ आणि लेडेसडॉर्फ यांनी १९९० च्या दशकात ‘ट्रिपल हेलिक्स’ या नावाने केली. आफ्रिकेच्या संदर्भात या प्रतिमानाला ‘उबुंटू’ या सामूहिक मूल्याची जोड द्यावी, असे अभ्यासक सुचवितात. माणूस इतर माणसांमुळेच माणूस ठरतो, हा उबुंटूचा गाभा होय. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेत हा शब्द आला आणि १९९५ मध्ये मृत्युदंड रद्दबातल ठरविताना तेथील घटनात्मक न्यायालयाने त्याचा आधार घेतला. हे मूल्य उदात्त आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, करारपत्रात त्याचे काय होते?

हुडिया प्रकरण :
कलहारी परिसरातील सान लोक शिकारीच्या भटकंतीत भूक-तहान शमविण्यासाठी हुडिया ही काटेरी वनस्पती चघळत. दक्षिण आफ्रिकेच्या शासकीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने तिच्यातील भूकशामक घटकाचे पेटंट १९९० च्या दशकात घेतले. पुढे ब्रिटनच्या फायटोफार्मला आणि तिच्यामार्फत फायझरला परवाने मिळाले. शासन, विज्ञान व उद्योग एकत्र आले. मात्र ज्यांचे ज्ञान, त्या सान लोकांना कोणी विचारले नाही. २००१ मध्ये हे उघडकीस आल्यावर वाटाघाटी झाल्या. मार्च २००३ च्या कराराने परिषदेला मिळणाऱ्या स्वामित्वधनाच्या ६ टक्के आणि टप्पानिहाय रकमांच्या ८ टक्के वाटा सान लोकांना देण्याचे ठरले. हा वाटा विक्रीतील नव्हे, तर परिषदेच्या प्राप्तीतील होता. फायझरने २००३ मध्ये माघार घेतली. २००४ मध्ये आलेली युनिलिव्हरही २००८ मध्ये बाहेर पडली. साहजिकच स्वामित्वधनाची अपेक्षा फोल ठरली.

चिकित्सा :
येथे दोन मुद्दे लक्षात घ्यावे लागतात. पहिला, समुदायाला लाभात वाटा मिळाला, परंतु निर्णयात नाही. उबुंटू हे नात्याचे मूल्य आहे. टक्केवारी हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही. दुसरा मुद्दा अधिक अडचणीचा आहे. उबुंटू ही झुलू, खोसा आदी न्गुनी भाषांतील संकल्पना आहे. सान लोकांच्या भाषा निराळ्या आहेत आणि युरोपीय वसाहतवाद्यांप्रमाणेच बांटूभाषक समाजांच्या विस्तारातही ते मागे रेटले गेले. म्हणून ‘आफ्रिकी मूल्ये’ असा एकसंध उल्लेख करताना सर्वांत दुर्बल समुदायाचा आवाज पुन्हा दडपला जाण्याचा धोका संभवतो.

तथापि, चित्र सर्वस्वी निराशाजनक नाही. सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. २०१९ च्या रुइबोस करारात ते खोई समुदायासह प्रत्यक्ष पक्षकार होते आणि त्यांचा वाटा कच्च्या मालाच्या शेतावरील किमतीवर, १.५ टक्के, असा निश्चित झाला. येथे लाभ पेटंटच्या यशापयशावर अवलंबून राहिला नाही.

निष्कर्ष :
सारांश, त्रिपक्षीय प्रतिमानाला उबुंटूचे विशेषण लावल्याने ते मानवी होत नाही. ज्ञानधारक समुदाय संशोधनाचा आराखडा ठरतानाच पक्षकार असावा, नकार देण्याचा अधिकार त्याला असावा, तेव्हाच हे मूल्य अर्थपूर्ण ठरेल. लोकज्ञानावर आधारित प्रकल्पाच्या सामंजस्य करारावर स्वाक्षरी करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने एक प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे आहे : पहिल्या बैठकीला कोण अनुपस्थित होते?