मागच्या रांगेतला सैनिक

रॅम्बो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. उघडी छाती, डोक्याला पट्टी, हातात मशीनगन. पण त्याच्या पहिल्या पिच्चरची, 1982 च्या 'फर्स्ट ब्लड'ची, सुरुवात कितीजणांच्या ध्यानात आहे? व्हिएतनामहून परतलेला रॅम्बो पलटणीतल्या दोस्ताला शोधत येतो. दोस्त काळा, नाव डेल्मर. घरातली बाई सांगते, तो कॅन्सरनं गेला. जंगलाची पानं झडावीत म्हणून अमेरिकेनंच फवारलेलं विष त्याला भोवलं. रॅम्बो खिशातला फोटो दाखवतो. म्हणतो, डेल्मर एवढा दांडगा, की त्याला मागं उभं करावं लागलं, नाहीतर सगळा फोटो त्यानंच भरला असता.

झालं. काळ्या सैनिकाचं काम संपलं. फोटोत मागं उभा केला तसा पिच्चरनंही त्याला मागंच ठेवला. पुढं सगळं रॅम्बोचं दुःख. ते खोटं नाही. शेवटी तो कर्नलपुढं ढसाढसा रडतो, की तिकडं लाखो डॉलरची यंत्रं माझ्या ताब्यात होती, इकडं गाड्या लावायची नोकरीही टिकत नाही. पण मी म्हणतो, डेल्मर जगला असता तर? तो कुठल्या घरी आला असता?

याचं उत्तर त्याच 1982 सालच्या दुसऱ्या सिनेमात आहे. 'ॲशेस अँड एम्बर्स', म्हणजे राख आणि निखारे. करणारा हैले गेरिमा. 1946 साली इथिओपियातल्या गोंडरला जन्मला, 1967 साली अमेरिकेत आला, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिनेमा शिकला. हॉलिवूडच्या तिजोरीला हात न लावता त्यानं हा सिनेमा उभा केला.

नायक चार्ल्स, काळा माणूस. लढाई संपून वर्षं झालीत, पण याच्या डोक्यात ती चालूच आहे. लॉस एंजेलिसमध्ये पोलीस त्याला आणि दोस्ताला गाडीतून उतरवून बंदूक रोखतात. ज्या सरकारसाठी यानं बंदूक धरली, त्याच सरकारची बंदूक आता याच्यावर! 'घरी परतणं' या शब्दाचा बुरखा गेरिमा असा फाडतो.

आणि हा माणूस तिकडं गेला कसा? 1966 साली संरक्षणमंत्री मॅकनमारानं भरतीच्या अटी सैल केल्या. साडेतीन लाखांच्या आसपास गरीब, कमी शिकलेली पोरं त्या वाटेनं फौजेत ओढली. त्यात सुमारे चाळीस टक्के काळी. त्यांच्या विकासाची योजना म्हणे! आपल्यासारख्याच गरिबाला मारायला गरीब पाठवला, हे चार्ल्सला उमगलंय. म्हणून तो नुसता दुखावलेला नाही, अपराधीही आहे.

सिनेमा सरळ चालत नाही. मधेच आठवण घुसते, आवाज एकमेकांवर चढतात. पहिल्यांदा माणूस गोंधळतो. पण ज्याचं डोकं फुटलंय त्याची गोष्ट गुळगुळीत कशी सांगणार?

चार्ल्सला सावरणारे डॉक्टर नाहीत की कर्नल नाही. दक्षिणेतल्या शेतावरची आजी आहे, राजकारण समजणारी मैत्रीण लिझा जेन आहे, जिम नावाचा वडीलधारा दोस्त आहे. ते त्याला गोंजारत नाहीत, झापतात. आजीच्या तोंडी गुलामांच्या बंडाची आठवण आहे. राख ही चार्ल्सची, निखारा आजीचा. एकट्याचा संताप इतिहासाला जोडला तर बळ, नाहीतर माणूस स्वतःलाच जाळतो. सिनेमाचं म्हणणं एवढंच, आणि ते मला पटलं.

आपल्याला हे नवं का वाटावं? गोपाळबाबा वलंगकर फौजेतूनच 1886 साली निवृत्त झाले. वर्दी उतरली आणि विटाळ दारात उभाच होता. ते कुढत बसले नाहीत. 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. परतलेला सैनिक असाही असतो.

दोषही सांगतो, नाहीतर ही समीक्षा नव्हे, आरती होईल. सिनेमा दोन तासांचा, आणि काही ठिकाणी पात्रं बोलत नाहीत, भाषण ठोकतात. चार्ल्स पेटतो नि आजूबाजूच्या बायांनी सोसायचं, हा हिशेब गेरिमानं पुरता मांडलेला नाही. आपल्याही चळवळीत तो बाकी आहे, म्हणून जास्त टोचला. आणि मेलेला व्हिएतनामी शेतकरी इथंही दुसऱ्याच्या आठवणीतच राहतो. म्हणजे त्या फोटोत आणखीही एक मागची रांग आहे.

बर्लिनच्या महोत्सवात 1983 साली समीक्षकांनी याला बक्षीस दिलं. तरी लोकांपुढं नीट यायला 2016 उजाडलं. रॅम्बोला मात्र गल्लीबोळ मिळाला. मिळेल तिथं हा सिनेमा बघा, एकट्यानं नको, चारचौघांत बघा. मग भांडा. आणि पुढच्या वेळी कुठलाही ग्रुप फोटो दिसला, तर आधी मागं उभा कोण आहे ते बघा.