‘नाइस’ या शब्दाचा अर्थप्रवास आणि मूळ अर्थाचा आग्रह

इंग्रजीत ‘नाइस’ इतका सैलपणे वापरला जाणारा दुसरा शब्द क्वचितच सापडेल. हवा, जेवण, माणूस, कविता, सारेच ‘नाइस’. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ (१८१७) या कादंबरीत कॅथरीन मोरलँड एका कादंबरीला हेच विशेषण लावते, तेव्हा हेन्री टिल्नी तिची थट्टा करतो. नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा व अभिरुची यांच्यापुरताच हा शब्द मुळात होता, असा त्याचा दावा आहे. हा दावा ऑस्टिनचाच मानण्याचा मोह वाचकाला होतो. तो टाळावयास हवा.

कारण शब्दाचा इतिहास टिल्नीच्या बाजूने साक्ष देत नाही. लॅटिनमधील ‘नेस्कियुस’ म्हणजे न जाणणारा, अज्ञ. त्यातील ‘स्किरे’ (जाणणे) या क्रियापदापासूनच ‘सायन्स’ हा शब्द आला, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास ‘नाइस’ इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ या अर्थाने, आणि चॉसरच्या काव्यातही तो त्या अर्थाने आढळतो. (‘मुह्’ धातूपासून झालेल्या ‘मुग्ध’ शब्दाने मूढतेपासून मोहकतेपर्यंत केलेला प्रवास मराठी वाचकास येथे आठवेल. त्याचेच भावंड असलेला ‘मूढ’ मात्र होता तेथेच राहिला.)

पुढे स्वैर, लाजरा, चोखंदळ, क्षुल्लक असे परस्परांशी न जुळणारे अर्थ या शब्दास चिकटले. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पाचव्या अंकात, न पोहोचलेले पत्र ‘नाइस’ नव्हते, असे फ्रायर लॉरेन्स म्हणतो. विद्यार्थी येथे आजचा अर्थ लावून ‘पत्र चांगले नव्हते’ असे वाचतो. वस्तुतः पत्र क्षुल्लक नव्हते, असे फ्रायरला म्हणावयाचे आहे. शोकांतिकेचा सारा भार ज्या पत्रावर आहे, त्याचे वजनच या चुकीच्या वाचनात नाहीसे होते.

जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात काटेकोरपणा व सूक्ष्मता यांना प्राधान्य आहे. ‘सुखद’ हा अर्थ रुळला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे टिल्नी ज्याला मूळ म्हणतो, ती केवळ मधली पायरी ठरते. त्याची बहीण एलिनॉर त्याला सुनावते की, हा शब्द खरे तर त्यालाच लागू पडतो, आणि तोही स्तुती म्हणून नव्हे. भाऊ तिच्या मते शहाणा कमी, चोखंदळ अधिक. जुन्या अर्थाचा अचूक वापर या प्रसंगात कोणी करत असेल, तर ती एलिनॉर होय.