पुष्पिकेवांचून मूर्ति

पोथीच्या अखेरीस पुष्पिका नसली म्हणजे आम्ही संग्राहक किती हळहळतों! लेखक कोण, स्थळ कोणतें, शक कोणता, याचा निर्णय होईपर्यंत ती प्रमाण मानीत नाहीं. बस्तरची पितळी मूर्ति हातीं घेतांना मात्र ‘गोंड, बस्तर’ एवढ्या दोन शब्दांवर आमचें समाधान होतें.

त्यांतील पहिला शब्द तर दिशाभूलच करतो. या मूर्ति ओततात घडवा लोक. पुजतात मुरिया, माडिया आदि गोंड समाज. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून वर मातीचा लेप देतात, भट्टींत मेण वितळलें कीं त्याच्या जागीं धातु उतरते. साचा फोडावाच लागतो. म्हणून प्रत्येक मूर्ति एकच. तिच्यामागें कोणा एकाचा हात असतो. कोंडागांवचे जयदेव बघेल नांवानिशीं प्रसिद्ध झाले, तो अपवाद.

बस्तर नागपूरकर भोसल्यांचें मांडलिक. १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें आणि १८६३ त येथें संग्रहालय निघालें. लोकांनीं त्यास ‘अजब बंगला’ म्हटलें, तें मार्मिक होय. इंग्रजी संग्रहपद्धतीनें देवळांतील मूर्ति पुराणवस्तूंत घातली, रानांतील मानववंशशास्त्रांत. एकीस शतक व राजवंश मिळाला, दुसरीस नुसती जमात.

आफ्रिकेंत हेंच अधिक क्रूरपणें घडलें. १८९७ त इंग्रजी फौजेनें बेनिन लुटलें. तेथील ओतीव शिल्पें पाहून प्रथम कित्येक युरोपीय पंडितांस तें आफ्रिकी बुद्धीचें काम वाटेना. पोर्तुगीजांकडून ही विद्या आली असावी, असा तर्क निघाला. वस्तुतः इगुन नांवाच्या ओतार्‍यांची वंशपरंपरागत श्रेणी तेथें आजही काम करीत आहे! २०२२ त जर्मनीनें कांहीं शिल्पें नायजेरियास परत दिलीं, आणि २०२३ त तेथील अध्यक्षांनीं लुटलेल्या वस्तूंचें स्वामित्व बेनिनच्या राजाकडे, म्हणजे ओबाकडे, सोंपविलें. यावर वाद झाला खरा. पण वाद घालण्यास कोणी वारस तरी ठाऊक होता.

२०२५ त रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनानें लंडनच्या लिलावांतून घेऊन परत आणली. तिच्या पात्यावर देवनागरींत धन्याचें नांव होतें. तीच तिची पुष्पिका. उद्यां परदेशांतून बस्तरची एखादी देवी परत आली, तर ती कोणत्या गांवच्या देवगुडींत न्यावयाची?

माझ्या कपाटांत अशा तीन मूर्ति आहेत. बाजार आठवतो, ओतार्‍याचें नांव विचारलें नव्हतें. वाचकांपैकीं ज्यांनीं विचारलें असेल, त्यांनीं गांव व वर्षासह तें चिठ्ठीवर लिहून मूर्तीजवळ ठेवावें आणि त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी.