मित्रासह एक यशस्वी शिकार : हाक्यातली माणसं कुठं गेली?

दोस्तांनो, शिकारकथा आपल्याकडं आवडीनं वाचली जाते. पहाट, रान, बंदूक, एक बार आणि जनावर गार. पांढरपेशा समीक्षक म्हणतो, काय ते निसर्गवर्णन! माझा प्रश्न साधा आहे. ते जनावर बंदुकीपुढं आणलं कुणी? एका रानडुकराच्या शिकारीवरून सांगतो. त्या शिकारीला मी होतो आणि तिच्यावर छापून आलेली कथाही मी वाचलेली आहे.

साल १९७०. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा, त्याच्या आधीची गोष्ट. कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. भुईमूग काढायला आलेला आणि डुकरांनी रानं उकरून ठेवलेली. पाटलाचा पोरगा माझा दोस्त, अकरावीला आम्ही एका बाकावर बसायचो. वाड्यावरनं सांगावा आला, "सकाळच्याला हाक्याला माणसं लागत्यात." महारवाड्यातनं अकरा आणि मांगवाड्यातनं चार अशी पंधरा माणसं निघाली. मजुरीचं कुणी बोललं नाही. बोलायची रीतच नव्हती.

बंदुका दोन. एक पाटलाची, दुसरी त्या दिवशी पहिल्यांदा दोस्ताच्या हातात दिलेली. ते वरच्या खिंडीत बसले. आम्ही खालच्या ओढ्यातनं डबे वाजवत, आरोळ्या देत रान उठवत वर सरकलो. माझ्या हातात रॉकेलचा डबा होता आणि डाव्या अंगाला चुलते, नाना. डुक्कर उठलं, खिंडीकडं गेलं. दोस्ताचा बार झाला, पण मागच्या फऱ्यावर बसला. जखमी डुक्कर उलटं फिरलं ते सरळ आमच्यात. सुळ्यानं नानांची मांडी वीतभर फाटली. मग पाटलाच्या दुसऱ्या बारानं डुक्कर पडलं. चौघांनी बांबूला बांधून गावात आणलं. मुंडकं आणि मागचे फरे वाड्यावर गेले, आमचा वाटा सगळ्यात शेवटी, लांबूनच टाकला. नाना दोन महिने अंथरुणाला. सुगी हातची गेली. वाड्यावरनं हळदीची चिमूटसुद्धा आली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं कॉलेजात गेलो. तिथल्या वार्षिक अंकात दोस्तानं कथा लिहिली, "मित्रासह एक यशस्वी शिकार". त्यात दोन मित्र झुडपामागं खांद्याला खांदा लावून बसलेत. मित्र कानात म्हणतो, "आता!" बार होतो, आणि एका गोळीत डुक्कर पडतं. तो मित्र म्हणजे मी. मी खिंडीत कधी नव्हतोच.

आता त्या कथेत पंधरा माणसं कुठं आहेत? एका वाक्यात. "तेवढ्यात हाका सुरू झाला." या वाक्याला कर्ता नाही. पाऊस सुरू व्हावा तसा हाका सुरू होतो. दोस्त काही वाईट माणूस नव्हता. त्याला मला कथेत घ्यायचं होतं. पण मला मित्र करायचं तर आधी माझ्या हातातला डबा काढून घ्यावा लागला. डबा वाजवणारा मित्र त्याला कथेत बसवता येईना. साहित्यात आपल्याला जागा मिळते ती बऱ्याच वेळा अशी.

आणि खरं सांगतो, मी खूश झालो होतो. अंक काखेत मारून वस्तीत फिरलो. नानांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "चांगलं लिव्हलंय रं. पर माजी मांडी कुटं हाय त्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

हे एका पोराच्या कथेपुरतं नाही. जिम कॉर्बेटचं "मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ" १९४४ चं पुस्तक. चंपावतच्या वाघिणीच्या १९०७ च्या शिकारीत हाक्याला २९८ माणसं जमली, हे तो स्वतः लिहितो. त्यानं निदान मोजली, एवढं त्याला दिलं पाहिजे. तरी कथा एका बंदुकीचीच राहते. आपल्या शिकारकथा तर मोजायच्याही भानगडीत पडत नाहीत. राज्यघटनेच्या २३ व्या कलमानं १९५० पासून वेठबिगारीला बंदी आहे. आमच्या गावचा १९७० चा हाका ही वेठच होती. कथेत मात्र ती वातावरणनिर्मिती होते.

याच्या उलट नागराज मंजुळे यांचा "फँड्री" पाहा. चित्रपट २०१३ चा. फँड्री हा कैकाडी शब्द, अर्थ डुक्कर. तिथलं डुक्कर रानातलं नाही, गावातलंच, आणि बंदूकही नाही. कचरू माने, त्याची बायको-पोरं दोऱ्या घेऊन पळतायत, आणि गाव काठावर उभं राहून हसतंय. राष्ट्रगीत लागतं, तेव्हा डुक्कर समोर असूनही ती माणसं थांबतात. शेवटी जब्या दगड मारतो तो आपल्या अंगावर येतो. इथं धावणाऱ्याला नाव आहे, लाज आहे, राग आहे. डुक्कर सापडतं, म्हणजे शिकार यशस्वीच होते. पण ते यश जब्याचं नाही, हे पाहणाऱ्याला कळतं. म्हणून मी हिला खरी शिकारकथा म्हणतो.

आणखी एक बोललं पाहिजे. डुकरं धरणाऱ्या कैकाड्याला हसणारे आपल्या वस्तीतही होते. मी हसलोय. काठावर उभं राहायला आपणही शिकलो होतो, हे लपवून आपल्याला दुसऱ्याच्या साहित्याची झडती घेता येणार नाही.

तेव्हा दोस्तांनो, पुढची शिकारकथा हातात आली की भाषेच्या सौंदर्याच्या आधी हिशेब मागा. बंदुका किती आणि डबे किती? वाटा कसा पडला? जखम कुणाला झाली, आणि ती लिहिली का? आणि कुणी तुम्हाला कथेत मित्र म्हणून बसवत असेल तर हातातला डबा सोडू नका. तो घेऊनच आत जा.

नाना गेले, मांडीवरचा व्रण तसाच घेऊन. मी सत्तरीला आलो तेव्हा कुठं हे लिहितोय. तुम्ही एवढा उशीर करू नका. तुमच्या घरात हाक्याला गेलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्यापाशी बसा, विचारा, आणि लिहून काढा.