हरताळाखालचें अक्षर : फ्लॉपीवरील मसुद्यांचें एक परीक्षण

डग रिसाइड यांचा ‘रेंट’ ह्या अमेरिकन संगीत नाटकाच्या मसुद्यांवरील निबंध 2011 सालीं ‘थिएटर सर्व्हे’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. विषय रंगभूमीचा, परंतु जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्या आमच्या वाचकांस तो विशेष उपयोगी पडेल. नाटककार जोनाथन लार्सन 25 जानेवारी 1996 रोजीं वारले. त्यांच्या कागदपत्रांबरोबर सुमारें 180 फ्लॉपी तबकड्या वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहांत आल्या. त्यांचें वाचन हा निबंधाचा आधार.

निबंधाचें मर्म एकाच शोधांत आहे. लार्सन ज्या ‘वर्ड’ प्रणालीवर लिहीत, तिच्यांत शीघ्र जतनाची सोय होती. तिनें मजकूर साठवितांना तो सबंध पुन्हां न लिहितां केवळ फेरफार शेवटीं जोडले जात, आणि खोडलेल्या ओळी फाइलींत तशाच राहत. लेखकाच्या पडद्यावर त्या दिसत नसत. तीच फाइल साध्या मजकूर-संपादकांत उघडली कीं त्या दिसूं लागतात. पोथींत हरताळ लावून बुजविलेलें अक्षर खालून डोकवावें, तसाच हा प्रकार. छापील संहितेवरून हें कळण्यास मार्ग नव्हता.

येथें मात्र सावधगिरी हवी. खालचें अक्षर सांपडलें म्हणजे जुना सबंध मसुदा सांपडला असें नव्हे. तें केव्हां खोडलें, हें त्यावरून ठरत नाहीं. निबंधाच्या शीर्षकांतच ‘शेवटचा बदल, जानेवारी 1996’ असा काल आहे; त्याचाही मोह वाचकानें आवरावा. फाइलीवरील तारीख यंत्राच्या घड्याळाची असते, लेखकाच्या हातची नव्हे. जुन्या डॉस-यंत्रांत घड्याळ लावलेलें नसल्यास 1 जानेवारी 1980 हीच मिती पडे. मितीचा ताळा अन्य पुराव्याशीं घेण्याची आपली रीत येथेंही सोडूं नये.

युनिकोड रूढ होण्यापूर्वींचे मराठी मसुदे ज्यांच्या घरीं फ्लॉपीवर असतील, त्यांची अडचण आणखी निराळी. त्या काळीं फॉन्टागणिक अक्षरांचे संकेत वेगळे. मूळ फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी दिसते. तिचें युनिकोडांत रूपांतर हें मोडीच्या बाळबोध नकलेसारखेंच. जोडाक्षरें व रफार यांत चुका राहतात. नक्कल झाली म्हणून अस्सल टाकून देणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

फाइल उघडण्यापूर्वीं सबंध तबकडीची बिटशः प्रतिमा घ्यावी, आणि त्याही आधीं लेखनबंदी करावी : साडेतीन इंची तबकडीवर सरकपट्टीचें छिद्र उघडें ठेवून, सव्वापांच इंचीवर उलट कडेची खांच झांकून.